तेल सर्वांनी मोजले, 'थांबा' कुणीच म्हटले नाही!

वकिलीच्या व्यवसायात आल्यापासून आम्ही खात्यांतर्गत चौकशीची पुष्कळ प्रकरणे चालविली. अशा चौकशीत पहिला प्रश्न ठरलेला असतो : "या कागदावर सही कोणाची?" ज्याची सही तो आरोपी! कागद कोणी तयार केला, त्यावरचा आकडा कुठून आला, तो तपासण्याचे काम कोणाचे होते, हे प्रश्न मागाहून येतात. पुष्कळदा ते येतच नाहीत, कारण तोपर्यंत तळातला माणूस घरी बसलेला असतो.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यातील स्टोअर हेल्पर आमच्याकडे आला. भट्टीच्या तेलाच्या टाकीत काठी बुडवून, म्हणजे 'डिप' घेऊन, तो रोज तेल मोजायचा आणि भिंतीवरच्या तक्त्यात पाहून लिटरचा आकडा वहीत लिहायचा. एके दिवशी हिशेबात मोठी तूट निघाली आणि त्याच्यावर चोरीचा ठपका आला. उलटतपासणीत निष्पन्न झाले ते असे की, टाकी बदलली होती, पण भिंतीवर तक्ता जुन्याच टाकीचा लटकत होता! "तक्ता बदलण्याचे काम कोणाचे?" असे आम्ही स्टोअरच्या अधिकाऱ्याला विचारले. अधिकारी गप्प. ते काम कोणाचेच नव्हते. हेल्पर आम्हाला म्हणाला होता, "साहेब, मला जो तक्ता दिला त्यावरनं मी आकडा काढला. माझं काय चुकलं?"

त्या हेल्परची आठवण आम्हाला झाली ती कॅनडातील एका विमानाची हकीकत वाचताना. आमच्या वाचकांपैकी अनेकांना वाटेल, विमान हा आपला विषय नव्हे. परंतु ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. आपल्या वस्तीतली, नात्यातली तरुण मुले-मुली आज विमानतळांवर कामाला लागत आहेत. कुणी सामान चढवील, कुणी इंधनाची नळी जोडील, कुणी वजनाचे कागद भरील. त्यांच्या हातून, किंवा त्यांच्या डोळ्यांदेखत, चूक झाली तर काय होते आणि ती कोणाच्या माथी मारली जाते, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

एक विमान, दोन वजने

२३ जुलै १९८३. एअर कॅनडा कंपनीचे १४३ क्रमांकाचे उड्डाण मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघायचे होते. विमान बोइंग ७६७ जातीचे, अगदी नवे कोरे. त्या काळात कॅनडा जुनी इंग्रजी मापे सोडून मेट्रिक मापांकडे वळत होता. कंपनीची बाकीची विमाने पौंडात इंधन मोजायची. हे नवे ७६७ मात्र किलोग्रॅममध्ये मोजणारे होते. एकाच कंपनीत, एकाच विमानतळावर, त्याच कामगारांच्या हाताखाली दोन वजने नांदत होती.

मापे बदलतानाचा गोंधळ आपल्याला नवा नाही. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्याकडे नवे पैसे आले, पाठोपाठ शेर-मण जाऊन किलो आले. आमच्या आधीच्या पिढीने कित्येक वर्षे बाजारात मनातल्या मनात शेराचे किलो आणि आण्याचे पैसे केले. त्यात एखाद्याची फसगत झाली तर पावशेर डाळीची व्हायची. विमानात ती माणसांच्या जिवाची होते, एवढाच काय तो फरक.

या विमानाच्या टाक्यांतले इंधन दाखविणारी यंत्रणा नादुरुस्त होती. तिच्या दोन वाहिन्यांपैकी एकीत दोष होता आणि त्यामुळे वैमानिकांसमोरचे इंधनाचे काटे कोरे पडत. आदल्या मुक्कामी, एडमंटनला, एका तंत्रज्ञाने दोषी वाहिनीचा ब्रेकर ओढून ती बंद केली. त्याबरोबर दुसऱ्या वाहिनीवर काटे चालू झाले. त्याने ब्रेकरला चिठ्ठी लावली, वहीत नोंद केली. त्याचे काम चोख होते. विमान मॉन्ट्रियलपर्यंत नीट आले.

मॉन्ट्रियलला दुसरा तंत्रज्ञ विमानात चढला. दोष काय आहे ते पाहावे म्हणून त्याने तो ब्रेकर पुन्हा आत दाबला. काटे कोरे झाले. तेवढ्यात त्याचे लक्ष दुसऱ्या कामाकडे गेले आणि ब्रेकर परत ओढायचा राहून गेला. इकडे विमान घेऊन आलेल्या कॅप्टनने नव्या कॅप्टनला, बॉब पिअर्सन यांना, यंत्रणेच्या दोषाविषयी सांगितले होते. या बोलण्यातून पिअर्सन यांची समजूत अशी झाली की विमान कोऱ्या काट्यांनिशीच आले आहे. ते कॉकपिटमध्ये शिरले तर काटे खरोखरच कोरे! त्यांना आश्चर्य वाटले नाही, कारण तेच दिसेल अशी त्यांची अपेक्षा होती. खोटी समजूत आणि खोटी परिस्थिती यांचा असा मेळ बसला की माणूस प्रश्न विचारायचे थांबतो.

रॉकेल पाण्यावर तरंगते

काटे बंद असल्यावर इंधन मोजायचे कसे? आमच्या हेल्परसारखेच, मोजपट्टीने. विमानाच्या पंखाखाली अशा पट्ट्या असतात. त्यावरून टाकीत किती लिटर इंधन आहे हे काढता येते. मॉन्ट्रियलला मोजणी झाली : ७,६८२ लिटर. हा आकडा बरोबर होता. एडमंटनपर्यंतच्या प्रवासाला हवे होते २२,३०० किलो. आता लिटरचे किलो करायचे होते.

आपल्याकडे जुन्या लोकांना हे चटकन कळेल. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर चुरमुरे वजनाला सारखे भरत नाहीत. मापाला एका आकड्याने गुणल्याशिवाय वजन निघत नाही. त्या दिवशीच्या इंधनाचा एक लिटर वजनाला ०.८०३ किलो होता. पौंडात म्हणाल तर १.७७ पौंड. इतकी वर्षे पौंडाची सवय. म्हणून जमिनीवरच्या कर्मचाऱ्यांनी आणि वैमानिकांनी हिशेब केला तो १.७७ ने. ७,६८२ गुणिले १.७७ म्हणजे १३,५९७. हे पौंड होते. सर्वांनी ते किलो समजले. २२,३०० मधून १३,५९७ वजा करून उरलेल्या ८,७०३ ला परत १.७७ ने भागले आणि ४,९१७ लिटर इंधन भरून घेतले.

खरा हिशेब काय होता? टाकीत प्रत्यक्षात ६,१६९ किलोच होते. भरायला हवे होते २०,०८८ लिटर. भरले ४,९१७! विमान निघाले तेव्हा टाक्यांत २२,३०० किलोच्या जागी जेमतेम १०,१०० किलो इंधन होते. निम्म्याहूनही कमी.

येथे एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. विमानाचे इंधन म्हणजे दुसरेतिसरे काही नसून अधिक शुद्ध केलेले रॉकेलच असते. रेशनच्या रांगेत उभे राहून रॉकेल आणलेल्या आपल्या आयाबायांना ठाऊक आहे की रॉकेल पाण्यावर तरंगते, म्हणजे ते पाण्याहून हलके असते. एक लिटर पाणी एक किलो भरते. मग एक लिटर रॉकेल १.७७ किलो कसे भरेल? त्या दिवशी हा प्रश्न कोणीही शिकलेल्या माणसाने स्वतःला विचारला असता तर हिशेब तेथेच थांबला असता. पण कोणी विचारला नाही. गुणाकार तपासला गेला, भागाकार तपासला गेला, ते बरोबरच होते. ज्या आकड्याने गुणले तो आकडा मात्र कोणी तपासला नाही!

ओटावाला विमान थांबले तेव्हा कॅप्टनने पुन्हा मोजणी करवून घेतली. पट्टीने पुन्हा खरे सांगितले आणि माणसांनी त्याला पुन्हा १.७७ ने गुणले. चूक दोनदा तपासली म्हणून ती बरोबर होत नाही. विमानातल्या संगणकाला आकडा हातानेच सांगितला होता, म्हणून तोही शेवटपर्यंत 'इंधन पुरेसे आहे' असेच सांगत राहिला. यंत्र आपल्या मनाने खरे-खोटे करीत नाही. त्याला जे भरवले तेच ते परत ओकते.

उडायचे की नाही?

कोऱ्या काट्यांनिशी विमान उडविण्याला परवानगी होती का? नव्हती. प्रत्येक विमानाबरोबर एक यादी असते. तिला मिनिमम इक्विपमेंट लिस्ट म्हणतात. कोणते उपकरण बंद असले तरी उडता येईल आणि कोणते बंद असल्यास विमान जागचे हलवायचे नाही, हे त्या यादीत लिहिलेले असते. इंधनाचे सगळेच काटे बंद असतील तर उडता येत नाही, असे त्या यादीचे म्हणणे होते.

मग कॅप्टन उडाले कसे? विमान नवे, यादीही नवी. तिच्यात सतत दुरुस्त्या चालू होत्या आणि काही पाने अजून कोरीच होती. यादी अपुरी आहे म्हणून अडचण आली की देखभाल विभागाच्या मंजुरीवर विसंबायचे, अशी रीत पडून गेली होती. हे विमान याच अवस्थेत उडून आले आहे आणि त्याला मंजुरी आहे, अशी कॅप्टनची समजूत होती. बदलायचा सुटा भाग मॉन्ट्रियलमध्ये नव्हता. प्रवासी ताटकळत होते. नियम एका कागदात होता आणि रूढी माणसांच्या डोक्यात होती. अशा झगड्यात बहुतेक वेळा रूढीच जिंकते, हे आम्ही न्यायालयात रोज पाहतो.

पण याहून मोठी गोष्ट पुढे आहे. पूर्वीच्या मोठ्या विमानांत कॉकपिटमध्ये तीन माणसे असत. तिसरा फ्लाइट इंजिनिअर. इंधनाचा हिशेब हे त्याचे काम. ७६७ विमान दोघांनी चालवायचे ठरले आणि तिसऱ्याची जागा गेली. पद गेले, पण काम कुठे गेले? काम होते तेथेच राहिले! ते कोणी करायचे हे कंपनीने स्पष्ट ठरवून दिलेच नव्हते. वैमानिकांना वाटे जमिनीवरचे लोक पाहतील. जमिनीवरच्यांना वाटे वैमानिक पाहतील. नव्या पद्धतीने हिशेब कसा करायचा याचे शिक्षण धड कोणालाच मिळालेले नव्हते. आमच्या कारखान्यातला तो तक्ता वाचकांना आता आठवला असेल.

एकेचाळीस हजार फुटांवर

सुमारे ४१,००० फुटांवर, ओंटारिओ प्रांतातील रेड लेक परिसरावर विमान असताना पहिला इशारा वाजला : डाव्या बाजूला इंधनाचा दाब कमी. मग दुसरा इशारा. वैमानिकांनी विनिपेगकडे विमान वळविले. आधी डावे इंजिन बंद पडले, थोड्याच वेळात उजवेही. इंजिने थांबली तशी त्यांच्यावर चालणारी वीज गेली आणि कॉकपिटमधील बहुतेक पडदे काळे झाले. वाऱ्याच्या झोताने फिरणारी एक छोटी पंखाचक्की पोटाखालून बाहेर आली. तिच्यावर विमान वळविण्यापुरती ताकद मिळत राहिली. विमानात ६१ प्रवासी आणि ८ कर्मचारी, एकूण ६९ जीव होते.

सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांनी उंची किती कमी होते आणि अंतर किती कापले जाते याचा हिशेब मांडला. विनिपेग गाठणे शक्य नव्हते. त्यांना गिमली येथील जुना हवाई दलाचा तळ आठवला. तेथे त्यांनी पूर्वी नोकरी केली होती. त्या धावपट्टीचा एक भाग आता मोटारींच्या शर्यतींना दिलेला आहे आणि त्याच दिवशी तेथे मोटार क्लबची मंडळी बायकामुलांसह जमलेली आहेत, हे त्यांना ठाऊक नव्हते. कॅप्टन पिअर्सन यांना हौस होती बिनइंजिनाची ग्लायडर उडविण्याची. ती विद्या कामी आली. उंची जास्त होती म्हणून त्यांनी एवढे मोठे विमान ग्लायडरसारखे तिरके घसरवत खाली आणले. पुढचे चाक पक्के बसले नव्हते, ते टेकताच दुमडले. विमान नाकावर घासत गेले आणि थांबले. इंजिने बंद पडल्यावर सुमारे सतरा मिनिटे ते तरंगत आले होते. एकही जीव गेला नाही. काही प्रवाशांना खाली उतरताना किरकोळ दुखापती झाल्या, तेवढेच.

'गिमली ग्लायडर' म्हणून या विमानाची कीर्ती जगभर झाली. ते दुरुस्त होऊन २००८ पर्यंत सेवेत राहिले. शौर्याची ही कथा पुष्कळांनी सांगितली आहे. आम्हाला स्वारस्य आहे ते त्यानंतरच्या भागात.

शिक्षा कोणाला?

कंपनीने आपल्या घरची चौकशी केली. निकाल असा : कॅप्टनची सहा महिन्यांसाठी पदावनती, सहवैमानिक दोन आठवडे निलंबित, देखभाल विभागातले तीन कर्मचारी निलंबित. सही कोणाची? त्यांची. संपले!

पण कॅनडा सरकारने न्यायमूर्ती जॉर्ज लॉकवूड यांचा चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल १९८५ मध्ये आला. आयोगाने वैमानिकांच्या कौशल्याची प्रशंसा केली. चुका झाल्या हे लपविले नाही. मात्र त्या चुकांच्या मुळाशी कंपनीची व्यवस्था आहे, हे स्वच्छ शब्दांत मांडले. इंधनाच्या हिशेबाची जबाबदारी कोणाची हे ठरविले नव्हते, शिक्षण दिले नव्हते, सुटे भाग ठेवले नव्हते. त्याच वर्षी या दोन वैमानिकांचा आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाने गौरव केला. कंपनीच्या चौकशीने सही पाहिली आणि आयोगाने साखळी पाहिली. दोन्ही चौकशांसमोर कागद बहुतेक तेच होते!

जिने 'थांबा' म्हटले तिचे काय झाले?

वाचक म्हणतील, कॅनडात कोणाला चूक कळलीच नव्हती. कळली असती तर कोणीतरी थांबविले असते. म्हणून आम्ही दुसरी हकीकत देतो. ती अधिक दुःखद आहे.

२८ नोव्हेंबर २०१६. ब्राझीलच्या शापेकोएन्से या फुटबॉल संघाला घेऊन लामिया या लहानशा कंपनीचे विमान बोलिव्हियातील सांताक्रूझहून कोलंबियातील मेडेयीनला निघाले. उड्डाणापूर्वी विमानतळावरील सरकारी कार्यालयात जो आराखडा सादर झाला त्यात प्रवासाचा वेळ लिहिला होता ४ तास २२ मिनिटे. विमानातले इंधन किती वेळ पुरेल? तेही ४ तास २२ मिनिटे! म्हणजे ढग आडवा आला, धावपट्टी मोकळी नसली, दुसऱ्या विमानतळावर जावे लागले, तर एका मिनिटाचेही इंधन शिल्लक नाही. येथे लिटर-किलोचा घोळ नव्हता. दोन आकडे एका कागदावर उघड्या डोळ्यांना दिसत होते.

आणि ते एका महिला कर्मचाऱ्याला दिसले. तिने हरकत घेतली. कंपनीच्या प्रतिनिधीने तिची समजूत काढली की आम्ही कमी वेळात पोहोचू. विमान गेले. वाटेत बोगोटाला उतरून इंधन घेता आले असते, तेही घेतले नाही. विमानाचा कॅप्टन स्वतः त्या कंपनीचा भागीदार होता. खर्च वाचविणारा मालक आणि जीव वाचविणारा कॅप्टन एकाच खुर्चीवर बसले की कॅप्टनने 'नाही' म्हणायचे तरी कोणाला? मेडेयीनजवळ दुसऱ्या एका विमानाने इंधनगळतीच्या संशयावरून प्राधान्य मागितले, म्हणून नियंत्रण कक्षाने लामियाला घिरट्या घालायला सांगितले. आपले इंधन संपत आले आहे हे लामियाच्या वैमानिकांनी फार उशिरा सांगितले. इंजिने एकामागून एक थांबली. विमान डोंगरावर आदळले. ७७ पैकी ७१ जण ठार झाले. कोलंबियाच्या तपासाने २०१८ मध्ये निष्कर्ष दिला : इंधन संपल्यामुळे अपघात, आणि त्याचे मूळ उड्डाणापूर्वीच्या नियोजनात.

मग त्या महिला कर्मचाऱ्याचे काय झाले? तिच्यावरच कर्तव्यात कसूर केल्याचा आरोप आला. तिने आराखडा अडविला का नाही, असे विचारण्यात आले. आपण वरिष्ठांच्या दबावाखाली असल्याचे सांगत तिला देश सोडून ब्राझीलमध्ये आश्रय मागावा लागला. तिच्या खटल्याच्या गुणदोषांत आम्ही येथे शिरत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. हरकत घेण्याचा अधिकार आहे, पण अडविण्याची ताकद नाही, अशा जागेवर माणसाला बसवायचे आणि अपघातानंतर 'तू अडविले का नाहीस?' म्हणून त्याच माणसाला पकडायचे, हा कुठला न्याय?

नळीचे तोंड बदलले

तिसरी हकीकत छोटी, पण शहाणपणाची. अमेरिकेत बॉब हूवर नावाचे प्रसिद्ध वैमानिक होते. त्यांचे विमान पेट्रोलवर चालणारे, पंख्याच्या इंजिनांचे. एका हवाई प्रदर्शनानंतर इंधन भरणाऱ्या तरुणाने चुकून त्यात जेटचे इंधन, म्हणजे रॉकेलच्या जातीचे, भरले. उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिने बंद पडली. हूवर यांनी विमान कसेबसे खाली उतरविले. परत आल्यावर तो तरुण रडत उभा होता. हूवर यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि उद्या माझ्या दुसऱ्या विमानात इंधन तूच भर, असे सांगितले. डेल कार्नेगी यांच्या लोकप्रिय पुस्तकाच्या नंतरच्या आवृत्त्यांत ही हकीकत आहे.

क्षमेपाशी ही गोष्ट संपली असती तर आम्ही ती सांगितली नसती. पुढे जेट इंधनाच्या नळीचे तोंड रुंद, चपटे करण्यात आले. ते पेट्रोलच्या विमानाच्या टाकीच्या गोल तोंडात शिरतच नाही. त्याला हूवर नोझल असेच म्हणतात. माणूस थकलेला असेल, रात्रपाळीचा असेल, नवा असेल, तरी चूक करायला गेला की नळीच त्याला अडविते. 'काळजी घ्या' असे फलक लावणे सोपे असते. नळीचे तोंड बदलणे खर्चाचे असते. पण जीव वाचवायचे असतील तर खर्च तेथेच करावा लागतो.

कायदा काय म्हणतो?

कायद्याच्या बाजूने पाहिले तर चित्र असे आहे. १९४४ च्या शिकागो कराराखालील नियमांनुसार विमानाविषयीचा अंतिम निर्णय कॅप्टनचा. उडायचे की नाही हेही त्यानेच ठरवायचे. इंधनाविषयीही नियम स्पष्ट आहेत. मुक्कामापर्यंतचे इंधन, अनपेक्षित अडचणींसाठी वेगळे, पर्यायी विमानतळापर्यंतचे वेगळे, आणि या सर्वांच्या वर जेट विमानाला आणखी तीस मिनिटे हवेत राहता येईल एवढे राखीव. ही अखेरची तीस मिनिटे खर्चायची नसतात. त्यांना हात लागणार असे दिसताच कॅप्टनने 'मेडे फ्युएल' म्हणून संकट जाहीर करायचे असते. घरात अडीअडचणीसाठी डब्यात ठेवलेल्या पैशांसारखी ती असतात. लामियाच्या आराखड्यात तो डबाच रिकामा होता.

अपघाताच्या तांत्रिक तपासाचा हेतू दोष कोणाच्या माथी मारण्याचा नसून पुढचा अपघात टाळण्याचा आहे, असे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात. भारताचे तपास नियमही तेच सांगतात. फौजदारी कायद्यापुरते पाहिले तर, जेकब मॅथ्यू प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या संदर्भात म्हटले की निर्णयातली प्रत्येक चूक म्हणजे गुन्हा नव्हे. गुन्हा ठरण्यासाठी निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा असावा लागतो. आमच्या मते ही कसोटी केवळ उच्चशिक्षितांपुरती ठेवता कामा नये. डॉक्टरची ती 'निर्णयातली चूक' आणि हेल्परची तीच 'हलगर्जी', हा दुजाभाव कायद्याला शोभत नाही.

याचा अर्थ कोणालाच जबाबदार धरू नये असा नाही. दोन आकडे सारखे आहेत हे पाहूनही जो उडाला, आणि ज्याने चुकीच्या आकड्याने प्रामाणिकपणे गुणले, हे दोघे एका मापाने मोजता येणार नाहीत. पहिल्याने जाणूनबुजून इतरांचे जीव पणाला लावले. दुसऱ्याला व्यवस्थेने चुकीचे माप हाती दिले. हा फरक जी चौकशी करीत नाही ती चौकशीच नव्हे.

शेवटी आपल्या मुलांसाठी

विमानतळावर, कारखान्यात, गोदामात कामाला जाणाऱ्या आमच्या तरुण भावाबहिणींना आम्ही चार गोष्टी सांगू इच्छितो. एक, आकड्यापुढे त्याचे माप लिहा. नुसता '१३,५९७' हा आकडा काहीच सांगत नाही. ते किलो की पौंड, लिटर की गॅलन, हे लिहिल्याशिवाय सही करू नका. दोन, दुसऱ्याचा हिशेब तपासायचा असेल तर त्याचाच गुणाकार पुन्हा करू नका. त्याने कोणत्या आकड्याने गुणले ते विचारा. तीन, 'हे काम कोणाचे?' असा प्रश्न पडला तर तो कामाआधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. चार, हरकत घ्यायची वेळ आली तर तोंडी घेऊ नका. कागदावर घ्या, तारीख-वेळ टाका, एक प्रत जवळ ठेवा.

आणि व्यवस्थापनाला आमचे सांगणे एवढेच. एखादे पद रद्द करताना त्या माणसाचे काम कोणाकडे गेले हे आधी जाहीर करा. ज्याला तपासायला बसविले त्याला अडविण्याचाही अधिकार द्या. 'थांबा' म्हणणाऱ्यामुळे विमानाला तासभर उशीर झाला तर त्याच्याकडून खुलासा मागू नका. त्या तासाची किंमत किती असते हे लामियाच्या विमानात गेलेल्या ७१ जणांच्या घरांना विचारावे.

आमच्या त्या स्टोअर हेल्परला पुढे कामावर परत घेतले. तो भेटला तेव्हा आम्ही विचारले, "तक्ता बदलला का?" तो म्हणाला, "बदलला साहेब. आता त्यावर टाकीचा नंबर मीच खडूनं लिहून ठेवलाय." तो नंबर टाकण्याचे काम त्याला कोणी सांगितले नव्हते. सांगायला हवे होते.